हार्डबूट घालून स्नोबोर्डिंग : सुरुवात कशी करावी, पैसे कुठे वाचवावेत आणि हाडं कशी सांभाळावीत

"भाईजान, तुम्ही मास्तर आहात, तुम्हीच सांगा. याला हे बूट घेऊन देऊ की नको?"

आमची धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑस्ट्रियात इन्सब्रुकजवळ राहते. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, सोळा वर्षांचा. तीन हिवाळे तो साध्या मऊ बुटांवर स्नोबोर्ड खेळतो आहे. मागच्या वर्षी पडला, मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आता साहेबांना हार्डबूट हवे आहेत, म्हणजे प्लास्टिकचे टणक बूट आणि लांब, अरुंद बोर्ड. बहिणीला फिक्र दोन गोष्टींची होती. एक, पुन्हा हाड मोडेल का? दुसरी, एवढे पैसे घालून चार दिवसांत शौक उतरला तर?

आम्ही हिवाळ्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा तोंडी सल्ला देण्यापेक्षा स्वतः पाच दिवस त्या बुटांत उभं राहून पाहिलं. तरुणपणी गुलमर्गला साध्या स्नोबोर्डची थोडी तालीम झाली होती, तेवढंच भांडवल. वय चव्वेचाळीस. पडलो, गुडघा मुरगळला, पण बऱ्याच गोष्टी समजल्या. आपल्या समाजातली कितीतरी कुटुंबं आज युरोपात, आखातात, अमेरिकेत आहेत, त्यांची मुलं बर्फात खेळतात. असा प्रश्न आणखी कुणा आई-बापांसमोर येईल, म्हणून हा लेख.

हा प्रकार नेमका काय आहे?

स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरण्याचा खेळ. बहुतेक लोक तो मऊ बुटांत खेळतात. पाय फळीवर जवळपास आडवे असतात, बाइंडिंगला पट्टे असतात, उड्या मारता येतात, भुसभुशीत बर्फात जाता येतं.

अल्पाइन प्रकारात उड्या नाहीत. इथे सगळा खेळ वळणाचा आहे. फळी कडेवर उभी करायची आणि त्या धारेनं बर्फात चीर पाडत वळायचं. याला कार्व्हिंग म्हणतात. साध्या वळणात फळी बर्फावर थोडी आडवी घासते आणि मागे झाडू मारल्यासारखा रुंद पट्टा उमटतो. कार्व्हिंगमध्ये फळी घासत नाही, आपल्याच धारेच्या मागे मागे जाते. मागे राहते ती पेन्सिलीनं काढल्यासारखी एक बारीक रेघ.

हिवाळी ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा आला तो १९९८ मध्ये जपानच्या नागानोला, आणि तेव्हाच्या जायंट स्लॅलममध्ये असेच टणक बूट होते. २००२ पासून दोन खेळाडू शेजारी-शेजारी, एक लाल मार्गावर आणि एक निळ्या मार्गावर उतरतात. हीच पॅरलल जायंट स्लॅलम. चेक देशाची एस्टर लेडेत्स्का हिनं २०१८ मध्ये प्योंगचांगला स्कीच्या सुपर-जीमध्येही सुवर्ण घेतलं आणि स्नोबोर्डच्या या शर्यतीतही. एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दोन वेगळ्या खेळांत सुवर्ण जिंकणारी ती पहिली महिला.

आमच्या वयाच्या वाचकांसाठी आणखी दोन नावं. ऑस्ट्रियाचा बेंजामिन कार्ल. २०१० मध्ये रौप्य, २०१४ मध्ये कांस्य, आणि सुवर्ण मिळालं ते २०२२ मध्ये बीजिंगला, वयाच्या ३६ व्या वर्षी. त्याच देशाची क्लॉडिया रीगलर १९७३ ची. तिनं २०१५ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी याच प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं. उड्यांच्या स्नोबोर्डमध्ये हे वय निवृत्तीचं मानलं जातं. इथे अनुभव आणि ताबा जास्त कामाला येतो. म्हणून हा खेळ फक्त पोरांचा आहे असं समजू नका.

बूट टणक का लागतात?

हे समजलं की पुढचं सगळं समजतं, म्हणून जरा सावकाश पाहू.

साधी फळी मधोमध साधारण २५ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असते. अल्पाइन फळी १८ ते २२ सेंटीमीटर. अरुंद फळी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन जाते, हा तिचा फायदा. पण आपला बूट तर ३० सेंटीमीटर लांब. तो आडवा ठेवला तर पुढून आणि मागून बाहेर येईल. फळी कडेवर कलली की बाहेर आलेला बूट बर्फाला टेकतो, धार बर्फातून उचकटते आणि माणूस एका क्षणात आडवा. म्हणून पाय पुढच्या दिशेनं वळवून ठेवतात, साधारण ५० ते ६५ अंशांत.

हा प्रयोग घरी करून पाहा. वर्तमानपत्रावर २० सेंटीमीटर अंतरानं दोन समांतर रेघा मारा. पुठ्ठ्याचा ३० सेंटीमीटर लांबीचा बुटाचा तळ कापा आणि मधोमध आडवा ठेवा. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर बाहेर येईल. आता फिरवत जा. ३० अंशांवरही दोन्हीकडे तीन-तीन सेंटीमीटर बाहेर राहतो. ५५ अंशांच्या आसपास आला की रेघांच्या आत बसतो. नववी-दहावीच्या मुलांना कोसाइन शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला अजून सापडलेलं नाही.

पण पाय पुढे वळले की दुसरी अडचण येते. फळी कलवायची असते उजवी-डावीकडे, आणि आता पायही जवळजवळ पुढेच पाहतात. मऊ बुटात घोटा बाजूला वाकतो, जोर वाटेतच विरून जातो. कुदळीचा दांडा ढिला असला की घाव बसत नाही, तसंच. टणक बूट हा तो घट्ट दांडा आहे. गुडघा आणि नडगी जिकडे झुकली, तिकडे फळी त्याच क्षणी झुकते. चूक केली तरी त्याच क्षणी झुकते, हेही लक्षात ठेवा. मऊ बूट चूक पोटात घालतो, टणक बूट घालत नाही.

थोडं गणित, भीती कमी करण्यासाठी

फळीच्या दोन्ही कडा सरळ नसतात, आत थोड्या वळलेल्या असतात. त्या वक्राची त्रिज्या मीटरमध्ये लिहितात, तिला साइडकट म्हणतात. स्लॅलमच्या फळ्या साधारण ९ ते १२ मीटरच्या, जायंट स्लॅलमच्या १५ ते २० आणि वर.

फळी जितकी कलवाल, तितकं वळण लहान होतं. ढोबळ हिशेब असा : वळणाची त्रिज्या म्हणजे साइडकट गुणिले कलाच्या कोनाचा कोसाइन. १४ मीटरची फळी ४५ अंश कलवली तर वळण सुमारे १० मीटरचं. आणि १० मीटरच्या वळणात ४५ अंश झुकून तोल राहतो तो ताशी ३६ किलोमीटर वेगाला. म्हणजे वाड्यावस्तीच्या रस्त्यावरच्या स्कूटरचा वेग. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस आता पडला. पण सायकलस्वार वळणावर झुकतो तसाच तो झुकलेला असतो.

याच हिशेबातली दुसरी बाजू मात्र गंभीर आहे. अशा वळणात पायांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे १.४ पट भार येतो. ६० किलोचा माणूस ८५ किलोचा होतो. हा भार मांड्या आणि गुडघ्यांनी पेलायचा असतो. म्हणून जाण्यापूर्वी दीड-दोन महिने उठाबशा, जिने चढणं-उतरणं आणि एका पायावर तोल धरणं यांचा सराव करा. आम्ही केला नव्हता. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या घराचा जिना बसून उतरलो.

सामान : पैसे कशावर आणि कशावर नाही

नवे बूट, बाइंडिंग आणि बोर्ड मिळून रक्कम सहज दीड हजार युरोच्या घरात किंवा पुढे जाते. पहिल्याच वर्षी एवढा खर्च करू नका. क्रम असा ठेवा.

पहिला क्रमांक बुटांचा. बूट पायाला नीट बसला नाही तर बाकी सगळं फुकट. डीलक्स आणि यूपीझेड ही या बुटांतली जुनी नावं, माउंटन स्लोप हे अलीकडचं. माप पायाच्या लांबीवर असतं, सेंटीमीटरमध्ये. पाय २६.५ तर बूट २६.५. सवयीनं एक माप मोठा घेऊ नका. तपासायची रीत अशी : आतला मऊ भाग काढून ठेवा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दीड बोट जाईल एवढी जागा असावी. मोजा एकच आणि पातळ. जाड मोजे किंवा दोन जोड्या घालून बूट भरून काढणं ही नवख्यांची ठरलेली चूक. आतला भाग बहुतेक चांगल्या बुटांत गरम करून पायाच्या आकाराचा करून मिळतो. ते करून घ्याच.

स्कीचे बूट चालतील का, असं पुष्कळ लोक विचारतात. दिसायला सारखे असतात म्हणून. उत्तर नाही. स्कीचा बूट पुढे आणि बाजूला फार कडक असतो आणि त्याचा तळ लांब असतो. स्नोबोर्डचा हार्डबूट थोडा लवचिक, तळ आखूड, आणि मागे किती किंवा पुढे किती झुकायचं ते ठरवायला मागच्या बाजूला खटका असतो. आम्हाला पहिल्या दिवशी एका दुकानातून कुणीतरी जुने स्कीबूटच काढून दिले होते. अर्धा दिवस नडग्या सोलून घेतल्या, मग कळलं. तुम्ही ही चूक करू नका.

दुसरा क्रमांक बाइंडिंगचा. यात पट्टे नसतात, धातूची पाटी असते आणि बुटाला पुढून-मागून कडी बसते. दुसरा प्रकार इंटेक : बुटाच्या टाचेत खटका असतो, पाय दाबला की टक्‌ करून बसतो. वाकायला लागत नाही म्हणून लोकांना आवडतो, पण टाच त्या पद्धतीचीच हवी. एक गोष्ट पक्की समजून घ्या. स्कीचं बाइंडिंग पडल्यावर सुटतं, हे सुटत नाही. एक पाय सुटला आणि दुसरा फळीला अडकून राहिला तर तो पिळवटेल, म्हणून दोन्ही बांधलेलेच राहतात.

तिसरा क्रमांक फळीचा. ही जुनी घ्यायला हरकत नाही. नवख्यानं शर्यतीची १८० सेंटीमीटरची फळी घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी. ती वेगाशिवाय वळतच नाही, आणि नवख्याला वेग झेपत नाही. मध्यम उंची-वजनाच्या माणसाला १६० ते १७० लांबी, २० ते २२ रुंदी, १० ते १२ मीटर साइडकट ठीक. जुनी फळी घेताना कडेनं बोट फिरवून गंज पाहा, थर सुटलेत का पाहा, बाइंडिंगचे स्क्रू बसतात ती भोकं ओढली गेली नाहीत ना ते पाहा. डोळ्यासमोर आडवी धरून वाकडी झालेली नाही ना तेही पाहा. आत धातूचा पत्रा असलेली फळी एकदा वाकली की सरळ होत नाही.

जुने बूट मात्र वय विचारून घ्या. प्लास्टिक वर्षानुवर्षं ऊन-थंडी खाऊन ठिसूळ होतं आणि नेमकं थंडीत, जोर आला असताना तडकतं. दहा वर्षांपेक्षा जुने बूट कुणी फुकट दिले तरी नम्रपणे नको म्हणा.

हेल्मेट आणि मनगटाचं संरक्षण यांत काटकसर नाही. स्नोबोर्डवर नवख्यांचं सर्वांत जास्त मोडतं ते मनगट, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो. टणक बूट घोट्याला सांभाळतो, मनगटाला नाही. आणि घोट्यानं सोडलेला भार नडगी आणि गुडघ्याकडे जातो. म्हणजे हार्डबूट धोका कमी करतो असं नाही, धोक्याची जागा बदलतो. बहिणीच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे.

बांधणी

आधी ठरवा कुठला पाय पुढे. मागून कुणी हलकेच ढकललं तर जो पाय आधी पुढे पडतो, तोच बहुतेकांचा पुढचा पाय. दोन पायांमधलं अंतर खांद्यांच्या रुंदीइतकं, साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर. पुढच्या पायाचा कोन मागच्यापेक्षा तीन ते पाच अंश जास्त, समजा पुढे ५५ आणि मागे ५२. कोन जितका लागेल तितकाच ठेवा, दिसायला भारी वाटतो म्हणून ६५ करू नका.

पुढच्या पायाची बोटं थोडी उचललेली आणि मागच्या पायाची टाच थोडी उचललेली असते. त्यासाठी बाइंडिंगखाली पाचर येते. गालिच्यावर सगळं बांधून उभे राहा, गुडघे वाकवा, वर-खाली व्हा. गुडघ्यात ओढ जाणवली तर पाचर किंवा अंतर बदला. घरात जे दुखतं ते डोंगरावर दुप्पट दुखतं.

पहिले पाच दिवस

आधी एक अट. मऊ बुटांवर दोन्ही कडांनी वळणं जोडता येत नसतील तर हार्डबूट अजून लांब ठेवा. थेट यावर शिकलेले लोकही आहेत, पण त्यांचा रस्ता जास्त आपटत गेलेला असतो.

जागा निवडणं अर्धं शिक्षण आहे. रात्री यंत्रानं सपाट केलेला, कंगवा फिरवल्यासारखा दिसणारा बर्फ हवा. सकाळी लिफ्ट सुरू होताना पोहोचा. पहिले दोन तास सोन्यासारखे, अकरानंतर गर्दी आणि उंचवटे. ऑस्ट्रियात निळी पाटी म्हणजे सोपा उतार, लाल मध्यम, काळी अवघड. पाचही दिवस निळ्यावर राहा. आम्ही स्टुबाई हिमनदीवरच्या रुंद निळ्या उतारावर राहिलो. भाचा वरून ओरडायचा, "मामू, लालवर चला ना!" नाही गेलो.

पहिला दिवस फक्त सवयीचा. बूट घालून चालणं, उभं राहणं, दोन्ही कडांवर आडवं घसरत खाली येणं आणि थांबणं. या दिवशी सर्वांत धोक्याची जागा उतार नसतो, चेअरलिफ्ट असते. लिफ्टवर मागचा पाय मोकळा आणि पुढचा बांधलेला असतो. उतरताना फळी वळली तर टणक बुटात घोटा सैल पडत नाही, सगळा पीळ गुडघ्याला बसतो. आमचा गुडघा मुरगळला तो इथेच, उतारावर नव्हे. उतरताना फळी सरळ पुढे, मोकळा पाय मागच्या बाइंडिंगला टेकवून, आणि कुणाशीही बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी रेघ काढायला शिका. रुंद उतारावर जवळजवळ आडवं निघा, गुडघे वाकवून फळी डोंगराकडच्या कडेवर कलवा आणि काही करू नका. हात फेकू नका, फळी ढकलू नका. ती स्वतः हळूहळू वर वळेल आणि थांबेल. थांबलात की मागे वळून रेघ पाहा. बारीक असेल तर बरोबर, झाडू मारल्यासारखी असेल तर तुम्ही मागच्या पायानं ढकललं आहे. मास्तर म्हणून सांगतो, स्वतःची वही स्वतः तपासायची इतकी चांगली सोय दुसऱ्या कुठल्या विषयात नाही. दोन्ही कडांवर वीस-वीस वेळा करा.

तिसऱ्या दिवशी निघायचा कोन थोडा थोडा खाली वळवा. पाणी ओतलं तर ज्या वाटेनं उतरेल, ती उताराची सरळ रेषा. तिच्या जवळजवळ जाऊन तिथून वळण घ्या, आणि फळी पुन्हा डोंगराकडे वर चढेपर्यंत धरून ठेवा. वेग कमी करायचा कार्व्हिंगमधला ब्रेक हाच आहे. वळण अर्धवट सोडलं की वेग वाढतो, पूर्ण केलं की उतरतो. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. घाईनं वळण सोडून पुढच्या वळणात शिरतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी वळणं जोडा. एक वळण संपलं की फळी सपाट होऊ द्या, एक श्वास, मग दुसऱ्या कडेवर. नजर पुढच्या वळणाच्या शेवटाकडे. फळीच्या टोकाकडे पाहिलंत तर तिथेच पडाल.

अंगाच्या ठेवणीतल्या दोन चुका जवळजवळ सगळे करतात. टाचेकडच्या वळणात लोक खुर्चीवर बसल्यासारखे मागे बसतात. कमरेत मोडतात, धार सुटते. त्याऐवजी गुडघे वाकवा, छाती वर ठेवा आणि खांदे पाय वळलेत त्याच दिशेला ठेवा. दुसरी चूक बोटांकडच्या वळणात. फोटोत खेळाडूचा हात बर्फाला लागलेला दिसतो, म्हणून आपणही हात लावायला वाकतो. हात लागतो तो फळी खूप कलल्यामुळे. आधी हात लावला तर वजन फळीवरून निघून जातं. वाकायचं ते गुडघ्यांतून.

मागून येणारा माणूस

हा मुद्दा वेगळा घेतो, कारण या प्रकारात तो सर्वांत गंभीर आहे. स्कीवाले साधारण एका सरळ पट्ट्यात खाली येतात. कार्व्हिंग करणारा मात्र उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, कधी कधी थोडा वरही वळतो. मागून येणाऱ्याला हा अंदाज नसतो.

आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे उतारावर वागायचे दहा नियम आहेत, सगळ्यांना लागू. त्यांत मागून येणाऱ्यानं आपली वाट अशी निवडायची की पुढच्याला धोका होणार नाही. म्हणजे टक्कर झाली तर जबाबदारी बहुधा मागच्याची. पण नियम आपल्या बाजूनं असला तरी बरगडी आपलीच मोडते. आणि त्याच नियमांत हेही आहे की निघण्यापूर्वी, थांबून पुन्हा सुरू करण्यापूर्वी आणि वरच्या दिशेनं वळण्यापूर्वी वर आणि खाली पाहायचं. टाचेकडच्या वळणात पाठीमागचं दिसत नाही. म्हणून उतार मोकळा होईपर्यंत थांबा, दोनशे मीटर खेळा, कडेला थांबा, पुन्हा वर पाहा. अरुंद जागी किंवा वळणाच्या आड कधीही थांबू नका.

विमा काढल्याशिवाय डोंगरावर जाऊ नका. हेलिकॉप्टरनं उतरवावं लागलं तर तो खर्च साध्या आरोग्य विम्यात बहुतेकदा बसत नाही. ऑस्ट्रियात डोंगरी बचावाचा क्रमांक १४० आहे, तो फोनमध्ये ठेवा.

आपल्याकडे किंवा आखातात शिकता येईल का?

गुलमर्गचं नाव जगभर आहे, पण ते भुसभुशीत, खोल बर्फासाठी. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवतच्या बाजूनं ३,९०० मीटरच्या पुढे जातो आणि तिथून खाली सपाट केलेले रस्ते नाहीत, हिमकडे कोसळण्याचा धोका आहे. अरुंद फळी अशा बर्फात बुडते. गुलमर्गला खालच्या सोप्या उतारांवर मऊ बुटांत सुरुवात करा, ते उत्तम. उत्तराखंडात औलीलाही शिकण्याजोगे उतार आहेत. दोन्हीकडे हार्डबूट भाड्यानं मिळतील या भरवशावर जाऊ नका.

आखातातल्या आपल्या कुटुंबांना दुबईचा स्की दुबई माहीत आहेच. २००५ पासून मॉलच्या आत बर्फ आहे, सर्वांत लांब उतार ४०० मीटरचा. मुलांनी तिथे मऊ बुटांवर दोन्ही कडांची वळणं पक्की केली तर पुढे युरोपात किंवा जपानात पैसे आणि दिवस दोन्ही वाचतात. मोठ्या वळणांच्या कार्व्हिंगला मात्र ती जागा अपुरी आहे.

मग बहिणीला काय सांगितलं?

बसून तिघांनी हिशेब केला. भाच्याच्या पायाची वाढ थांबली आहे का, हे आधी पाहायचं. दोन मापं सहा महिन्यांच्या अंतरानं सारखी आली तरच बूट. फळी आणि बाइंडिंग पहिल्या वर्षी जुनी किंवा भाड्याची. बूट चांगले, कवच तपासून. मनगटाचं संरक्षण नसेल तर लिफ्टचा पास नाही, यावर चर्चा नाही. एकट्यानं जायचं नाही. आणि बुटांचे अर्धे पैसे त्यानं सुट्टीतल्या कामातून आणायचे.

शेवटच्या अटीवर त्याचं तोंड उतरलं. पण पैसे आणले त्यानं. बहिणीच्या दुसऱ्या प्रश्नाचं, शौक टिकेल का याचं, उत्तर त्यातच मिळालं. ज्याच्यासाठी मूल स्वतः घाम गाळतं, ते चार दिवसांत अडगळीत जात नाही.

मार्चमध्ये त्यानं फोटो पाठवला. उतार रिकामा, सकाळचं ऊन, आणि बर्फावर खालपर्यंत गेलेल्या रेघा. तीन ठिकाणी झाडू मारलेला दिसत होता. आम्ही तिथे लाल गोल करून परत पाठवला.

आई-बापांनो, मुलाला बर्फात पाठवायचं की नाही हा निर्णय तुमचा. पण "नको" म्हणण्यापूर्वी एकदा बूट, जागा आणि शिस्त यांचा हिशेब करून पाहा. आणि "हो" म्हणण्यापूर्वीही तोच हिशेब करा.